बुचाखालचा काठ

बाटलीचे बूच चांगले की वाईट, हे ठरवण्याची उद्योगातली मुख्य कसोटी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकच राहिली आहे : आतले द्रव्य आत राहते की नाही. वायू निसटू नये, पेय सांडू नये, चव उतरू नये, बाहेरची हवा आत शिरू नये, या चारही अपेक्षा बाटलीच्या पोटातल्या वस्तूविषयीच्या आहेत आणि त्या पुऱ्या करण्यात धातूच्या बुचाने मिळवलेले यश निर्विवाद आहे. मात्र बाटली उघडल्यावर पिणाऱ्याचा ओठ ज्या काचेला लागतो, ती काच धड आतही नसते आणि धड बाहेरही नसते. बुचाच्या दातेरी झालरीखालच्या एका चिंचोळ्या जागेत ती असते, आणि ही जागा दिसायला झाकलेली असली तरी प्रत्यक्षात खालून उघडी असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की बुचाच्या स्वच्छतेचा विचार आतल्या पेयापाशी थांबवणे ही रचनेतली उणीव आहे. ओठाला लागणारा काठ राखणे हेही बुचाचेच काम मानले पाहिजे, आणि ते काम मोजता येईल अशा कसोटीत बसवल्याखेरीज अधिक आरोग्यदायी बुचाची भाषा पोकळ राहील.

घट्टपणा आणि स्वच्छता हे दोन वेगळे गुण आहेत, हे महाराष्ट्राला चांगल्या परिचयाच्या असलेल्या गोळी सोड्याच्या बाटलीवरून स्पष्ट होते. हायरम कॉड या इंग्रज कारागिराने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्या गळ्यात रबराचे कडे आणि काचेची गोळी असते. बाटली उलटी धरून भरली, की आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब गोळीला त्या कड्यावर दाबून धरतो, म्हणजे जो वायू निसटू पाहतो तोच स्वतःची वाट बंद करतो. यांत्रिक दृष्टीने ही युक्ती अप्रतिम आहे, कारण दाब जितका अधिक तितके बूच घट्ट. परंतु गोळीची वरची बाजू बाटलीच्या तोंडात उघडीच राहते, त्या लहानशा वाटीत धूळ, माशी, बर्फाचे पाणी जे काही साठेल ते साठते, आणि बाटली फोडताना विक्रेत्याचे बोट किंवा लाकडी दट्ट्या गोळीला खाली ढकलतो तेव्हा तिची ती बाहेर राहिलेली बाजू सरळ पेयात उतरते. शिवाय रबराचे कडे ज्या खाचेत बसवलेले असते ती खाच ब्रशाने घासून निघत नाही. तात्पर्य, वायू राखण्यात पुरेपूर उतरणारे बूच स्वच्छतेत सपशेल नापास होऊ शकते. आणि पुढची सगळी चर्चा या एका भेदावर उभी आहे.

कॉडनंतर वीस वर्षांनी, २ फेब्रुवारी १८९२ रोजी, अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर याने धातूच्या दंतुर बुचाचे पेटंट मिळवले. मुकुटासारख्या आकारामुळे त्याला क्राउन हे नाव पडले आणि पेंटरच्या कंपनीनेही तेच नाव घेतले. आज सोडा, शीतपेय, बिअर, सुगंधी दूध अशा अनेक बाटल्यांवर जे बूच दिसते ते याच घराण्यातले. त्याची घडण नीट पाहिली तर स्वच्छतेचा प्रश्न कोठे उत्पन्न होतो ते कळते. पाव मिलिमीटरहून थोड्या पातळ अशा पोलादी पत्र्याची, कथिलाचा किंवा क्रोमियमचा मुलामा दिलेली, साधारण सदतीस मिलिमीटर व्यासाची चकती प्रेसमध्ये कापली जाते. त्याच ठोक्यात डाय-पंच तिचा काठ खाली वळवतात, आणि पुढे भरणयंत्रावर बूच बाटलीवर आवळले जाते तेव्हा त्या काठाचा व्यास पावणेएकोणतीस मिलिमीटरच्या आसपास येतो. मूळ चकतीचा परीघ सुमारे ११६ मिलिमीटर, आवळलेल्या काठाचा सुमारे ९०. म्हणजे ढोबळ मानाने २६ मिलिमीटर पत्रा परिघावर अधिकचा उरतो. हा उरलेला पत्रा वेडावाकडा चुरगळू नये म्हणून त्याला ठरावीक चुण्या पाडतात. पेंटरच्या मूळ बुचाला अशा २४ चुण्या होत्या, पुढे २१ चुण्यांचे बूच रूढ झाले. प्रत्येक चुणीच्या वाट्याला सव्वा मिलिमीटरच्या आसपास पत्रा येतो.

या चुण्या शोभेसाठी नाहीत. त्यांच्यावाचून बूच बसणारच नाही. दोन चुण्यांमधला आत दबलेला भाग काचेच्या गळ्याखालच्या वळीला घट्ट धरतो आणि बूच निसटू देत नाही. त्याला किती ताकदीने धरावे लागते, याचा हिशेब सोपा आहे. बाटलीच्या तोंडाचा व्यास अठरा मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटर होते. उन्हाळ्यात आतला दाब चार वातावरणांएवढा झाला, की बुचाला खालून सतत सुमारे दहा किलोंचा रेटा बसतो. हा रेटा महिनोन् महिने झेलणारी ही वस्तू एका हाताने, साध्या ओपनरने, क्षणात निघते, ही पेंटरच्या रचनेची थोरवी. पण पत्र्याचा दबलेला भाग काचेला धरतो तेव्हा वर आलेली चुणी काचेपासून दूर राहते, आणि तिच्या पोटात एक बारीक पन्हळ तयार होते. प्रत्येक बुचाला अशा २१ पन्हळी असतात. त्या खालून उघड्या असतात आणि वर थेट ओठ लागणाऱ्या काठाशी जाऊन भिडतात. बूच धरून ठेवणारी हीच रचना बाहेरच्या पाण्याला आणि धुळीला वाट करून देते, त्यामुळे प्रश्न सुटायचा तर तो चुण्यांच्या पातळीवरच सोडवावा लागतो.

बुचाच्या इतिहासात स्वच्छतेचा विचार झालाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. तो झाला, पण अस्तरापुरता. धातू आणि काच या दोन कठीण वस्तूंमध्ये मऊ थर असल्याशिवाय सांधा घट्ट होत नाही, म्हणून बुचाच्या आत अस्तर लागते, आणि व्यवसायात त्याला लायनर म्हणतात. सुरुवातीचे अस्तर ओकच्या सालीपासून काढलेल्या कॉर्कची चकती असे. कॉर्क दबतो आणि पुन्हा फुगतो हा त्याचा गुण. पण त्यात नैसर्गिक छिद्रे असतात, त्यांत बुरशी धरते आणि पेयाला तिचा वास लागतो, हा दोष. तो झाकण्यासाठी कॉर्कवर धातूच्या वर्खाची छोटी टिकली चिकटवण्याची पद्धत आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉर्क मागे पडून पीव्हीसी या प्लास्टिकचे, बुचातच ओतून भाजलेले अस्तर आले, आणि अलीकडे पॉलिथिलीनवर आधारलेली, पीव्हीसी वर्ज्य केलेली अस्तरे वापरात आहेत. प्रत्येक नव्या अस्तराबरोबर नवी शंकाही आली. २००३ मध्ये युरोपात काचेच्या बरण्यांतल्या अन्नात सेमिकार्बाझाइड हे द्रव्य आढळले आणि त्याचा माग धातूच्या झाकणातल्या अस्तरापर्यंत गेला. अस्तर फुगवण्यासाठी वापरलेल्या अझोडायकार्बनामाइड या रसायनापासून ते तयार होत होते. परिणामी ऑगस्ट २००५ पासून युरोपीय संघात अन्नाशी संपर्क येणाऱ्या प्लास्टिकमध्ये त्या रसायनाचा वापर थांबला. अस्तरातून पेयात काय उतरते याविषयीची ही दक्षता योग्यच होती, मात्र ती अस्तर जिथे संपते तिथे संपली. अस्तराच्या कडेपासून झालरीच्या टोकापर्यंतच्या चार-पाच मिलिमीटरांना असा पहारेकरी मिळाला नाही.

त्या चार-पाच मिलिमीटरांत काय घडते, हे भरणयंत्रापासून पाहावे लागेल. पेय भरताना फेस येतो, तो काठावरून उतू जातो आणि त्याच क्षणी वरून बूच बसते. साखरेचा पातळ पापुद्रा झालरीखाली अडकून राहतो. नंतर बाटलीवर पाण्याचा फवारा मारला जातो, पण फवारा बाहेरून जितका धुतो तितकेच पाणी पन्हळींतून वरही चढवतो, कारण अरुंद फटीत पाणी आपोआप शिरते आणि तेथून सहजी वाळत नाही. साखर, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की बुरशीला आणखी कशाची गरज उरत नाही. दुसरीकडे पत्र्यावर मुलामा आणि लॅकर चढवलेले असतात ते चकती कापण्याआधी. कापल्यानंतर जी कड उघडी पडते ती नुसत्या पोलादाची असते, आणि हीच कड झालरीच्या टोकाशी, ओलीच्या सर्वांत जवळ येते. ती गंजते, गंज काचेवर उतरतो, आणि बूच काढल्यावर बाटलीच्या तोंडाभोवती तांबूस वर्तुळ दिसते. गंजाची ती रेघ स्वतः फारशी घातक नसेल, पण ती पुरावा म्हणून महत्त्वाची आहे : जिथे गंज चढला तिथे पाणी पोचले होते, आणि जिथे पाणी पोचले तिथे त्या पाण्यातले बाकीचे सगळे पोचले होते.

नवी मुंबईसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक तीव्र का होतो, हे तेथील भूगोल सांगतो. नवी मुंबईतलेच नेरूळ एका बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला आणि दुसऱ्या बाजूला खाडीला टेकलेले आहे. पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल भरून राहते आणि उरलेल्या काळात खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात खारटपणा असतो. मिठातले क्लोराइड पोलादाचा गंज वेगाने वाढवतात, हे प्रयोगशाळाही जाणतात. म्हणून गंजरोधकाची परीक्षा घेताना पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके ३५ अंश सेल्सिअसला नमुन्यावर सोडण्याची पद्धत जगभर रूढ आहे. प्रयोगशाळेच्या पेटीत जे मुद्दाम निर्माण करावे लागते, त्याची सौम्य आवृत्ती नेरूळच्या कोणत्याही दुकानामागे रचलेल्या क्रेटना फुकट मिळते. त्यात भर पडते ती गार करण्याच्या पद्धतीची. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बाटल्या बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत, पुष्कळदा बुचापर्यंत, बुडवलेल्या असतात. या बर्फाच्या शुद्धतेविषयीची चिंता सरकारलाही वाटली, आणि म्हणूनच महाराष्ट्रात २०१८ मध्ये खाण्याजोगा नसलेला औद्योगिक बर्फ निळ्या रंगाचा करण्याची सक्ती आली. हेतू असा, की सरबतात पडणारा बर्फ आणि मासळी टिकवणारा बर्फ ग्राहकाला ओळखता यावा. परंतु बाटल्या गार करण्याच्या टबात बर्फ पेयात पडत नाही, त्यामुळे तेथे निळा बर्फ वापरण्यात काही गैर आहे असे विक्रेत्याला वाटत नाही. आणि नियमाच्या दृष्टीने बंद बाटली ही बंदच असते. ते पाणी एकवीस पन्हळींतून काठापर्यंत चढते, हे मात्र नियमाच्या हिशेबात बसत नाही.

येथे एक शास्त्रीय भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सोड्याच्या बाटलीत दाब आतून बाहेर असतो. त्यामुळे सांधा किंचित सैल असला तरी वायू बाहेर पडतो, बाहेरचे पाणी सहसा आत ओढले जात नाही. अशा बाटलीत धोका काठापुरता मर्यादित असतो. आंब्याच्या पेयाची किंवा निर्जंतुक केलेल्या सुगंधी दुधाची गोष्ट वेगळी आहे. चेंबूरच्या ड्यूक अँड सन्सचा मँगोला किंवा आरेचे ‘एनर्जी’ सुगंधी दूध यांनी मुंबईकरांच्या काही पिढ्यांना या जातीच्या बाटलीबंद पेयांची सवय लावली. फळांची पेये गरम असतानाच भरण्याची आणि बाटलीबंद दूध भरल्यानंतर शंभर अंशांच्या वर तापवण्याची पद्धत असते. दोन्हींत थंड होताना वरच्या मोकळ्या जागेतली वाफ निवते आणि बाटलीत अंशतः निर्वात तयार होतो. म्हणजे ओढ बाहेरून आत, आणि तीही नेमकी बाटलीवर थंड पाणी पडत असताना. अस्तराला सूक्ष्म चीर असेल, काठाचा टवका उडालेला असेल, तर झालरीखाली साठलेला थेंब आत खेचला जातो. आणि आतले दूध निर्जंतुक केलेले असल्यामुळे आत शिरलेल्या जंतूला तेथे स्पर्धकच नसतो.

ही भीती कल्पनेतली नाही, हे १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहराने अनुभवले. तेथे विषमज्वराची साथ आली, पाचशेहून अधिक लोक आजारी पडले, आणि शोध घेता घेता माग अर्जेंटिनाहून आलेल्या डबाबंद मांसापर्यंत गेला. डबा तापवताना मांस निर्जंतुक झाले होते; पण नंतर डबे नदीच्या शुद्ध न केलेल्या पाण्यात गार केले गेले आणि सांध्यातल्या बारीक फटीतून ते पाणी आत गेले, असा निष्कर्ष निघाला. या घटनेचा धडा असा, की धातूच्या सांध्याची स्वच्छता त्याला बाहेरून लागणाऱ्या पाण्यापासून वेगळी काढता येत नाही. डबाबंद अन्नाच्या व्यवसायाने हा धडा घेतला आणि गार करण्याच्या पाण्यात क्लोरीन राखणे हा तेथला मूलभूत दंडक ठरला. बाटलीच्या बुचाबाबत मात्र हा विचार कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. बाटलीला पुढे टपरीवर पुन्हा एकदा पाण्यात बुडायचे आहे, हे रचनाकार गृहीत धरत नाही.

भारतातल्या कायद्याचा रोखही असाच आतल्या बाजूला आहे. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा, आणि त्याखाली आलेले वेष्टनविषयक विनियम २०१८ चे. या विनियमांनी वेष्टनाची सामग्री अन्नयोग्य असावी असे बंधन घातले आणि प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम अशी ठेवली. ही मर्यादा वेष्टनातून अन्नाकडे होणाऱ्या प्रवासाची आहे. कारखान्यातल्या परीक्षाही त्याच दिशेने चालतात : बूच किती दाबाला वायू सोडते ते पाहतात, आवळलेल्या काठाचा व्यास गो-नोगो गेजने तपासतात, बाटली उलटी ठेवून गळती पाहतात. बाहेरून आत येणाऱ्या वस्तूचा विचार होतो तोही सांधा ओलांडून पेयात किती शिरली एवढ्यापुरता; सांध्याच्या अलीकडे, काठावर किती साठली, हे मोजण्याची रीत नाही. जे मोजले जात नाही ते सुधारण्याला कारखान्यात कोणी पैसा देत नाही, हा उत्पादनव्यवहाराचा सार्वत्रिक नियम येथेही लागू पडतो.

मग आजवर हा काठ कोणी राखला? त्याचे उत्तर सामाजिक आहे. काही प्रमाणात तो ग्राहकाने राखला, रुमालाने किंवा तळहाताने तोंड पुसून. काही प्रमाणात विक्रेत्याने, कळकट फडक्याने का होईना एक हात फिरवून. आणि मोठ्या प्रमाणात तो नळीने राखला. कागदी नळीचे पेटंट अमेरिकेत १८८८ चे, म्हणजे दंतुर बुचाच्या चार वर्षे आधीचे, आणि भारतात प्लास्टिकची नळी बाटलीची अविभाज्य जोडीदार होऊन बसली. नळी असली म्हणजे ओठ काचेला लागतच नाही, त्यामुळे बुचाच्या रचनेतला दोष कोणाच्या नजरेस येत नाही. परंतु महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक नळीवर बंदी आली. बंदी पर्यावरणाच्या दृष्टीने समर्थनीय आहे यात वाद नाही. पण कागदी नळी महाग पडते, लवकर मऊ होते, आणि लहान विक्रेता ती ठेवतोच असे नाही. परिणाम असा, की एका चांगल्या धोरणाने ओठ आणि काच यांच्यामधला आडपडदा काढून घेतला आणि त्या जागी दुसरे काहीच आले नाही. बुचाच्या बाहेरच्या बाजूचा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे तो यामुळे.

यावर उपाय अशक्य नाही, याचा दाखला मुंबईच्याच इतिहासात आहे. १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या आरे दूध वसाहतीतून शहरभर जाणाऱ्या काचेच्या बाटल्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाची टोपी असे. ती वरून ठेवून कडेने दाबली, की काठावरून उतरून बाटलीच्या तोंडाला बाहेरून बिलगत असे, आणि ओठ लागेल तो भाग झाकून टाकत असे. दाब धरण्याची तिची ताकद शून्य. बोटाने टोचले तरी फाटेल इतकी ती नाजूक, आणि त्यामुळेच दुधात भेसळ करणाऱ्याला तिचा अडथळा फारसा नव्हता. पण काठ झाकण्याच्या कामात ती पोलादी बुचाच्या पुढे होती. दंतुर बूच आणि वर्खाची टोपी यांची ही तुलना स्पष्ट करते, की धरणे आणि झाकणे ही दोन कामे आहेत आणि एका कामात निष्णात असलेला भाग दुसऱ्यात अडाणी असू शकतो. युरोपातल्या काही बिअरच्या बाटल्यांवर पोलादी बुचावरून गळ्यापर्यंत वर्ख गुंडाळलेला असतो, तेथे ही दोन कामे दोन भागांत वाटून दिलेली आहेत.

आरोग्यदायी बुचाच्या रचनेचा खरा प्रश्न म्हणून असा मांडता येईल : ही दोन्ही कामे एकाच भागाकडून करून घेता येतील काय? त्याला निदान तीन वाटा दिसतात. पहिली वाट अस्तराची. आजचे अस्तर मुख्यतः काठाच्या माथ्यावर बसते. ते माथ्यावरून बाहेरच्या गोलाईपर्यंत उतरवले, तर ओठ लागणाऱ्या काचेचा बराचसा भाग सांध्याच्या आत येईल आणि झालरीखाली साठलेल्या ओलीशी त्याचा संबंध तुटेल. अडचण अशी, की अस्तराचे कंपाउंड अधिक लागते, बूच उघडायला अधिक जोर लागतो, आणि अन्नाशी संपर्क येणाऱ्या प्लास्टिकचे क्षेत्र वाढते. दुसरी वाट झालरीच्या टोकाची. टोकाच्या आतल्या कडेला मऊ कंपाउंडचा एक बारीक कंगोरा दिला तर तो चुण्यांच्या पन्हळी बुजवेल, आणि उघड्या पोलादी कडेवरही लेप बसेल. म्हणजे गंज आणि पाणी दोन्हींचा बंदोबस्त एका भागात होईल. पण येथे एक सापळा आहे. भरताना उतू गेलेले पेय जर आतच कोंडले गेले, तर कंगोरा बाहेरची घाण रोखण्याऐवजी आतली घाण जपून ठेवील. म्हणून ही रचना करायची तर बूच बसण्याआधी काठ धुऊन कोरड्या हवेच्या झोताने साफ करणे अपरिहार्य ठरते, आणि बुचाची सुधारणा एकट्या बुचाची राहत नाही, भरणयंत्राचीही होते. तिसरी वाट उलट दिशेची : पन्हळी बंद करण्याऐवजी त्या इतक्या मोकळ्या आणि आखूड करायच्या, की पाणी थांबणारच नाही. ती स्वस्त आहे, पण बर्फाच्या टबात बुडालेल्या बाटलीला तिचा उपयोग नाही. तिन्ही वाटांचा ताळा मांडला, तर किनारपट्टीच्या हवेसाठी आणि पाण्यात गार करण्याच्या रिवाजासाठी पहिल्या दोहोंचा संयोग अधिक भरवशाचा दिसतो.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की स्क्रूचे प्लास्टिक झाकण आल्यावर पोलादी बुचाची चिंता कशाला? परंतु स्क्रूच्या झाकणाखालीही आटे असतात, आटे म्हणजे गोल फिरत गेलेली पन्हळच, आणि सील तोडणाऱ्या कड्याखालून पाणी तेथेही शिरते. शिवाय धातूचे बूच भंगारात चुंबकाने वेगळे काढता येते आणि पोलाद म्हणून पुन्हा वितळवता येते. काचेची बाटली पुन्हा भरता येते. कचऱ्याच्या प्रश्नाने ग्रासलेल्या शहराने काच आणि पोलाद या जोडीकडे पाठ फिरवण्यापेक्षा तिच्यातला दोष काढणे शहाणपणाचे आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. बूच ही कोट्यवधींच्या संख्येने बनणारी वस्तू असल्यामुळे एका पैशाची वाढही कारखानदाराला भारी वाटते, हे खरे; पण तोच खर्च आज ग्राहकाच्या नळीत, विक्रेत्याच्या फडक्यात आणि कधी कधी पोटाच्या दुखण्यात विखुरलेला आहे, आणि विखुरलेला असल्यामुळेच तो ताळेबंदात दिसत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : बाटलीच्या काठावरून कोणती साथ पसरली ते दाखवा. काठाचा दोष साथीच्या रूपाने दिसण्याची शक्यताच कमी असते, हे त्याचे उत्तर. टपरीवर पेय पिऊन दोन दिवसांनी ज्याचे पोट बिघडते तो वडापावाला, पाण्याला, हवेला दोष देतो. एकेकटे आजार एकत्र मोजले जात नाहीत. पुरावा नसणे आणि पुरावा गोळा न करणे यांत फरक आहे, आणि येथे दुसरी स्थिती आहे. मात्र या आक्षेपाचा मान राखायचा तर सुधारणेची सुरुवात नव्या बुचापासून न होता नव्या मोजमापापासून झाली पाहिजे, हेही कबूल करावे लागेल.

या मोजमापासाठी नेरूळ ही जागा योग्य ठरते. १९३२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या नेरूळमधील श्री चंद्रशेखरेंद्र सरस्वती विद्यापुरम या संकुलात वेष्टनशास्त्राचे शिक्षण देणारी आणि वेष्टनांची तपासणी करणारी संस्था आहे. एसआयईएस स्कूल ऑफ पॅकेजिंग या नावाने ती ओळखली जाते. खाडीपलीकडे अंधेरीला १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था काम करते आहे. औद्योगिक पट्ट्यात शिरवण्यापासून पुढे पत्र्याचे काम करणाऱ्या आणि साचे बनवणाऱ्या वर्कशॉपांची वाण नाही. वेष्टनाचे शिक्षण, साचे घडवणारे हात आणि बुचाची सत्त्वपरीक्षा घेणारी खारी हवा इतक्या जवळजवळ असणारी ठिकाणे फार नाहीत. येथे जी कसोटी बसवता येईल तिचे स्वरूप साधे आहे. बुचे लावलेल्या बाटल्या काही आठवडे खुल्या हवेत आणि काही तास बर्फाच्या पाण्यात ठेवायच्या. पाण्यात अतिनील प्रकाशात चमकणारे निरुपद्रवी द्रव्य मिसळायचे. बूच काढल्यावर काठाचा कोणता भाग चमकतो ते पाहायचे. आणि त्याच काठावरून बोळा फिरवून जैविक अंश मोजायचा. या शेवटच्या मोजणीसाठी काजव्यापासून मिळालेल्या विकराने प्रकाश देणारी एटीपी चाचणी उपलब्ध आहे. सजीव पेशींत आणि अन्नाच्या अंशांत असणाऱ्या एटीपी या द्रव्याशी तो विकर संयोग पावला, की प्रकाश पडतो. जितका अंश अधिक तितका उजेड अधिक, आणि उत्तर काही मिनिटांत मिळते. तिच्यातून कोणता जंतू आहे ते कळत नाही, पण कोणते बूच काठ राखते आणि कोणते राखत नाही याची तुलना करायला ती पुरेशी आहे.

अशी कसोटी एकदा रूढ झाली, की पुढची पायरी नियमाची आहे. पाण्यात बुडवून गार केल्या जाणाऱ्या आणि तोंड लावून प्यायल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या बुचांना काठाच्या स्वच्छतेची किमान पातळी ठरवून देणे हे वेष्टनविषयक विनियमांच्या चौकटीत सहज बसण्याजोगे आहे, आणि तसे बंधन आले तर कोणती रचना स्वीकारावी हे कारखानदारावर सोडता येईल. अस्तर वाढवावे, टोकाला कंगोरा द्यावा, वर्ख गुंडाळावा किंवा चौथीच एखादी युक्ती काढावी, यात सरकारने पडण्याचे कारण नाही. सरकारने फक्त काठ मोजावा. तोवर टबातला बर्फ कोणत्याही रंगाचा असो, बाटल्या गळ्याखालपर्यंतच बुडवणे आणि तोंड वर कोरडे ठेवणे एवढी खबरदारी विक्रेत्यांच्या परवान्यातील अटींत घालण्यास अडचण नसावी. बुचाने गेल्या शतकात पेयाची हमी दिली. पिणाऱ्याची हमी देण्याचे काम बाकी आहे, आणि ते ग्राहकाच्या रुमालावर सोपवून मोकळे होण्याचा अधिकार रचनाकाराला नाही.